घर पाहावे वैशाखात

‘घर पाहावे बांधून’ ही म्हण आपल्याकडे लहानथोरांच्या तोंडी असते. बँकेच्या छत्तीस वर्षांच्या नोकरीत मी स्वतः एकच घर बांधले. मात्र इतरांची शेकडो घरे कागदावर पाहिली. मिळकतीची कागदपत्रे निर्वेध आहेत काय, नकाशा मंजूर आहे काय, मूल्यांकनाचा अहवाल जोडला आहे काय आणि हप्ता उत्पन्नात बसतो काय, इतके तपासून गृहकर्जाच्या प्रकरणावर सही करीत असे. घराच्या खिडक्या कोणत्या दिशेस उघडतात, हे एकाही अर्जदारास विचारल्याचे मला स्मरत नाही. ते विचारण्याची पाळी निवृत्तीनंतर आली आणि तीही आमच्याच कुटुंबात.

आमचे मूळ गाव खीचन. राजस्थानात फलोदीपासून अवघ्या चार-पाच किलोमीटरवर. आपल्या वाचकांपैकी पुष्कळांची मुळे त्याच पट्ट्यातील असल्याने अधिक सांगावयास नको. पणजोबा कापडाचे गाठोडे घेऊन नगर जिल्ह्यात आले आणि इथलेच झाले. खीचनमध्ये लाल पाषाणाची हवेली राहिली आणि तिच्यात आज एकच माणूस राहते: माझ्या थोरल्या चुलतभावाच्या पत्नी, आमच्या भाभीसा. वय शहात्तर. भाऊ गेल्यावर त्यांना नगरला, पुण्याला आणण्याचे सर्व प्रयत्न झाले. त्या येतात, पंधरा दिवस राहतात आणि परत जातात.

पुण्यात व्यवसाय करणाऱ्या त्यांच्या मुलाने, म्हणजे माझ्या पुतण्याने, गावाबाहेरच्या वडिलोपार्जित जागेवर नवे घर बांधावयाचे ठरवले. हवेली का दुरुस्त केली नाही, असा प्रश्न कोणासही पडेल. हवेलीचे अकरा हिस्सेदार चार शहरांत विखुरलेले आहेत आणि त्यांच्या अकरा सह्या एका कागदावर आणणे हे बँकेतल्या थकीत कर्जाच्या वसुलीहूनही अवघड काम आहे. शिवाय हवेलीचा जिना उभा आणि अरुंद, पायरी फूटभर उंच. गुडघे दुखणाऱ्या माणसाने तो चढावा कसा? नव्या घराचा निर्णय माझ्या मते योग्यच होता.

पुण्यातील एका तरुण वास्तुविशारदाने केलेला नकाशा पुतण्याने मला पाठवला. जागेत माझाही हिस्सा असल्याने माझी संमती हवी होती. चित्र देखणे होते. पश्चिमेला सूर्यास्त दिसावा म्हणून जमिनीपासून छतापर्यंत काच, पुढे हिरवळ, सपाट काँक्रीटचे छत आणि दर्शनी भिंतीवर हवेलीतून काढून आणलेले दोन कोरीव झरोखे. पुतण्या आणि वास्तुविशारद यांनी जागा पाहिली होती ती डिसेंबरात. तेव्हा खीचनला कुरजा पक्ष्यांचे हजारोंनी थवे उतरलेले असतात, जैन श्रावकांनी चालवलेल्या चुग्गाघरात त्यांच्यासाठी धान्य टाकले जाते, उन्ह कोवळे असते आणि रात्री रजई लागते. त्या दिवसांत काचेचे घर सुचणे स्वाभाविक होते. मी एवढेच कळवले की सही करीन, पण एकदा मे महिन्यात तिथे जाऊन आल्यावर. पुतण्याला ते म्हाताऱ्याचे खूळ वाटले असावे. तरी तो आला, हे त्याच्या चांगुलपणाचे.

मे २०२४ च्या मध्यास आम्ही जोधपूरला उतरून मोटारीने फलोदीकडे निघालो. फलोदीचे नाव हवामानाच्या नोंदींत आहे: १९ मे २०१६ रोजी तिथे ५१ अंश तापमान नोंदले गेले, भारतातील आजवरचे सर्वाधिक. आम्ही गेलो तेव्हा त्रेचाळीस-चव्वेचाळीस होते आणि स्थानिक लोक ‘अजून उन्हाळा लागायचा आहे’ असे सांगत होते. त्यांचे खरे ठरले. आम्ही परतल्यानंतर २५ तारखेस तिथे पारा पन्नासावर गेला. चुग्गाघर रिकामे होते. मार्चमध्येच पक्षी निघून जातात. मागे राहतात त्यांच्यापैकी एक आमच्या भाभीसा.

मी नगरहून भिंतीवर टांगावयाचा एक साधा तापमापक नेला होता. दुपारी तीन वाजता बाहेरच्या सावलीत ४३ अंश असताना हवेलीच्या तळमजल्यावरील आतल्या खोलीत तो ३४ दाखवीत होता. त्याच दिवशी पुतण्याच्या एका बालमित्राच्या नव्या बंगल्यात, वीज गेलेली असताना, वरच्या खोलीत ४१ अंश भरले. बंगल्याची भिंत नऊ इंच विटेची, छत काँक्रीटचे, खिडक्या मोठ्या आणि चारही बाजू उघड्या. हवेलीची भिंत दीड-दोन फूट पाषाणाची, खिडक्या लहान आणि दोन्ही अंगांना शेजाऱ्यांच्या भिंती टेकलेल्या. त्या गल्लीत भरदुपारीही एका कडेने सावलीतून चालता येते, कारण प्रत्येक घर समोरच्या घरावर सावली धरते. गावाबाहेर ऐसपैस जागा घेऊन एकटे घर उभे करणे म्हणजे ही उसनी सावली सोडून देणे होय. पुढे जे काही करावयाचे ते या एका तोट्याची भरपाई म्हणून करावयाचे, हे त्या दुपारी माझ्या ध्यानात आले.

परंतु मी रात्रीही तापमापक पाहिला, हे बरे झाले. अकरा वाजता बाहेर ३१ अंशापर्यंत उतरले होते आणि हवेलीतील तीच खोली आता ३५ वर होती. जाड भिंत दिवसभराची उष्णता लगेच आत येऊ देत नाही, आठ-दहा तास रोखून धरते; पण ती पोटात साठवते आणि रात्री आतल्या बाजूस सोडते. (आपल्या मुदत ठेवीसारखेच; ठेव मुदतीनंतर परत मिळते, इथे नको असताना मिळते.) म्हणून मारवाडात माणसे उन्हाळ्यात रात्री गच्चीवर झोपत आली. घर दिवसाचे वेगळे, रात्रीचे वेगळे. या व्यवस्थेत काही उणे नव्हते. फक्त जिना चढता आला पाहिजे.

“मग आपण रात्री कुठे झोपता?” मी भाभीसांना विचारले.

“चौकात,” त्या म्हणाल्या. “तीन वर्षे झाली वर गेले नाही. चौकात वारा उतरत नाही. पण आभाळ दिसते.”

पुतण्या काही बोलला नाही. आईने वर जाणे सोडल्याचे त्याला त्या क्षणापर्यंत ठाऊक नव्हते. तो येतो दिवाळीला आणि डिसेंबरात. तेव्हा सगळीच माणसे आत झोपतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी नकाशा घेऊन आम्ही जागेवर गेलो. तिथे एक खेजडी, दोन केरांची झुडपे आणि वाळू एवढेच आहे. संध्याकाळी पाच वाजता पुन्हा गेलो, कारण पश्चिमेची काच नेमकी त्या वेळी काय करते, हे मला त्याला दाखवावयाचे होते. दुपारच्या डोक्यावरच्या सूर्याला छज्जा अडवू शकतो. पाच वाजताचा सूर्य समोरून, डोळ्यांच्या पातळीवर येतो. त्याला अडवावयास भिंतच लागते. मे महिन्यात तिथे सूर्य मावळतो सव्वासातनंतर. म्हणजे दोन-अडीच तास ती काच तापत राहणार, आतली लादी आणि सामान तापवणार, आणि काचेतून आत आलेली ती उष्णता तशीच परत बाहेर जात नाही. सूर्यास्ताचे दर्शन घेण्यासाठी पडदे ओढून, वातानुकूलन यंत्र लावून बसावे लागेल.

दुसरी गोष्ट भाभीसांनी दाखवली. नकाशात स्वयंपाकघर पश्चिमेस होते. आपल्या घरांतून चौविहार पाळणाऱ्यांचे सायंकाळचे जेवण सूर्यास्तापूर्वी उरकते, म्हणजे चूल पेटते पाच-साडेपाचला. पश्चिमेची भिंत सर्वाधिक तापलेली असते तीही त्याच वेळी. “संध्याकाळची रोटी मी इथे करायची?” एवढेच त्यांनी विचारले. वास्तुविशारदास दोष देत नाही. त्याच्या घरी रात्री नऊला जेवत असतील. परंतु घर बांधणाऱ्याने घरातल्या माणसाचे घड्याळ विचारून घ्यावे, हे माझ्याही लक्षात आले नव्हते. हवेलीत रसोडा पूर्वेस आहे. तो तसा का आहे, असा प्रश्न तीन पिढ्यांत आम्हा पुरुषांपैकी कोणाला पडला नव्हता.

तिसऱ्या दिवशी आम्ही जैसलमेरला गेलो. पोकरणवरून जाणारा हा रस्ता दीडशेहून अधिक किलोमीटरचा. जैसलमेरमध्ये पटवांच्या हवेल्या पाहणे क्रमप्राप्तच होते. गुमानचंद पटवा या ओसवाल जैन व्यापाऱ्याने १८०५ च्या सुमारास पहिली हवेली आरंभली आणि पाच मुलांसाठी पाच हवेल्या उभ्या राहण्यास पुढे कित्येक दशके लागली. आपण तिथले कोरीवकाम पाहून थक्क होतो. मी या वेळी त्याची सावली पाहिली. दगडी जाळीचे प्रत्येक छिद्र दगडाच्या जाडीमुळे स्वतःवरच सावली धरते. उन्हाचे तुकडे होऊन ते आत येते, वारा मात्र अखंड येतो. झरोखा भिंतीबाहेर येतो आणि खालच्या भिंतीला झाकतो. नक्षीने उंचसखल झालेल्या दगडाचा काही भाग नेहमीच सावलीत राहतो. पुतण्या दहा मिनिटे एका जाळीसमोर उभा होता. मग म्हणाला, “काका, आपले दोन झरोखे त्या मोकळ्या भिंतीवर लावून काय होणार? खाली गल्लीच नाही.” हवेलीतले झरोखे हवेलीतच राहिले. ते विकत घेऊ पाहणारा एक दलाल अधूनमधून फोन करतो, तो वेगळा विषय.

जैसलमेरच्या किल्ल्यात मात्र मन खिन्न झाले. ११५६ मध्ये रावळ जैसल यांनी वसवलेल्या या किल्ल्यात आजही लोक राहतात. पाणी घागरीने येत होते तोवर किल्ला शतकानुशतके टिकला. नळाने भरपूर पाणी येऊ लागले, स्नानगृहे झाली, सांडपाणी टेकडीच्या चिकणमातीत मुरू लागले आणि बुरूज ढासळले. १९९६ मध्ये जगभरातील धोक्यातील स्मारकांच्या एका यादीत त्याचे नाव गेले. वाळवंटातले बांधकाम पाण्याच्या अभावाने जितके मोडत नाही तितके ते निचरा न झालेल्या पाण्याने मोडते. आमच्या नकाशातील हिरवळ पायाला लागून होती आणि खाली जमीन खारी. ते पाणी क्षार घेऊन भिंतीत चढणार, दगडाचे पापुद्रे सुटणार. फलोदीकडे मीठ पिकते, हे आम्ही व्यापारी असून विसरलो होतो!

हिरवळ रद्द करण्याचे ठरले, ते किल्ल्याच्या पायथ्याशी चहा घेताना.

तिथून सम गावाकडच्या वाटेवर कनोई येथे राजकुमारी रत्नावती यांच्या नावाची मुलींची शाळा आहे. न्यूयॉर्कच्या वास्तुविशारद डायना केलॉग यांनी तिची रचना केली आणि ती २०२१ मध्ये सुरू झाली. आम्ही पोहोचलो तेव्हा शाळा सुटली होती. वाळूत एखादे मोठे लंबगोल भांडे ठेवावे तशी ती दिसते. जैसलमेरचाच पिवळा पाषाण, स्थानिक कारागिरांचे हात, मधोमध चौक, आतून चुन्याचा गिलावा, भिंतींना जाळ्या आणि छतावर उंच मांडवासारखे उभारलेले सौर पट्टे, जे वीजही देतात आणि सावलीही. वातानुकूलन यंत्र नाही. जुन्याची नक्कल म्हणावी तर एकही झरोखा नाही. नवे म्हणावे तर त्यात हवेलीला परके असे काही नाही. पुतण्याच्या नकाशात जे नव्हते आणि माझ्या स्मरणरंजनातही जे नव्हते, ते तिथे प्रत्यक्ष उभे होते. परतीच्या वाटेवर त्याने मोटारीतूनच पुण्यास फोन लावला.

त्यानंतर नकाशा चार वेळा बदलला. त्या तरुण वास्तुविशारदाचे मला कौतुक वाटते. रागावला, पण सोडून गेला नाही. पुढच्या वेळी त्याने सूर्याचे कोन काढून आणले. फलोदी सुमारे २७ अक्षांशावर असल्याने जूनच्या अखेरच्या पंधरवड्याच्या सुरुवातीस माध्यान्हीचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो आणि डिसेंबरात क्षितिजापासून चाळीस अंशांपर्यंतच चढतो. त्यामुळे दक्षिणेच्या पाच फुटी खिडकीवर दोन फुटांचा छज्जा पुरतो: उन्हाळ्यात माध्यान्हीचे ऊन आत शिरत नाही, हिवाळ्यात खिडकीच्या दोन-तृतीयांश भागातून आत येते. एवढे साधे गणित, आणि मी वाणिज्याचा पदव्युत्तर असून आयुष्यात कधी मांडले नव्हते.

आता घराची मांडणी अशी आहे. पश्चिमेला राहण्याची एकही खोली नाही. तिथे कोठार, न्हाणीघर आणि जिना, म्हणजे ऊन त्यांनी सोसावे. स्वयंपाकघर पूर्वेस. मधे चौक आणि चौकाभोवती ओसरी. काच आहे, पुतण्याच्या हौसेचा मान राखून ती उत्तरेस घेतली. तिच्या दोन्ही कडांना उभ्या दगडी पट्ट्या लावल्या, कारण जूनमध्ये सूर्य वायव्येस मावळतो आणि उत्तरेची भिंतही तिरपे ऊन खाते. भिंती लाल पाषाणाच्या, गिलावा चुन्याचा. छतावर उन्हाळ्यात सर्वाधिक ऊन पडते, म्हणून तिथे सर्वाधिक खर्च केला: दगडी पट्ट्यांवर मातीची मडकी उपडी मांडून त्यांतील पोकळीचा उपयोग करावयाचा, वर चुना आणि पांढऱ्या फरशीचे तुकडे. मडक्यांची ही युक्ती जयपूरच्या एका फॅशन महाविद्यालयाच्या आधुनिक इमारतीतही वापरली आहे, हे कळल्यावर वास्तुविशारदाचा विरोध मावळला. गावातल्या पाथरवटाने सांगितले तेव्हा मात्र तो हसला होता. असो.

पाण्याचा हिशेब मी स्वतः मांडला. फलोदीस पाऊस थोडाच. अडीअडचणीचे वर्ष धरून तो दोनशे मिलिमीटर मानला, तर १४० चौरस मीटर छतावर अठ्ठावीस हजार लिटर पडते. पाचवा हिस्सा वाया गेला तरी बावीस हजार उरते. पिण्यास व रांधण्यास माणशी दिवसाला दहा लिटर धरले, तर सहा माणसांचे वर्ष निघते. भाभीसा एकट्या असल्या तर सहा वर्षांचे! या आकड्यांवर पुतण्याने अंगणाखाली पंचवीस हजार लिटरचे टाके मंजूर केले. नळ आहेच, पण कालव्याचे पाणी बंद असते त्या दिवसांत टाके हेच घर. पाऊस थोडा म्हणून जोते बुटके ठेवावे, असेही चालत नाही. २००६ च्या ऑगस्टमध्ये बाडमेर जिल्ह्यात कवास गाव पाण्याखाली गेले आणि जमिनीखालील जिप्समच्या थरामुळे ते पाणी कित्येक दिवस मुरेना. म्हणून जोते तीन फूट उंच, आणि भाभीसांसाठी पायऱ्यांऐवजी उतरण.

खर्च वाढला. किती, ते इथे सांगत नाही. पुतण्याची बायको हे मासिक वाचते. भाभीसांच्या खोलीत वातानुकूलन यंत्र बसवले आहे आणि त्यात मला काही वावगे वाटत नाही. पन्नास अंशांत शहात्तरीच्या माणसाने तत्त्वे पाळीत बसू नये. परंतु ते दोन तास पुरावे, अठरा तास लागू नये, एवढाच घराने भार उचलावा.

राहता राहिला रात्रीचा प्रश्न. गच्ची त्यांच्यासाठी नव्हती, चौकात वारा नव्हता. आम्ही पुरुषमंडळी कागदावर खल करीत होतो तेव्हा त्यांनी एक गोष्ट केली. गेल्या वर्षी जूनमध्ये, पाया खणण्यापूर्वी, त्यांनी शेजारच्या मुलाकडून जागेवर खाट नेऊन टाकली आणि रखवालदाराच्या घरच्या बाईला सोबत घेऊन ओळीने चार रात्री तिथे झोपल्या. रोज वेगळ्या कोपऱ्यात. पाचव्या दिवशी पुतण्यास फोन आला: खेजडीच्या नैर्ऋत्येस, झाडापासून आठ हात. तिथे वारा पहाटेपर्यंत लागतो.

त्या ठिकाणी आता कमरेइतक्या उंच जाळीदार भिंतीचा, आकाशाखालचा ओटा आहे आणि त्यांच्या खोलीचे दार थेट त्यावर उघडते. जून २०२५ मध्ये खीचनच्या पाणथळ जागेस रामसरच्या यादीत स्थान मिळाले, त्याच महिन्यात घराचे छत पडले. पक्षी पाहावयास पाहुणे वाढतील, म्हणून पुतण्या वरती आणखी दोन खोल्या काढू म्हणतो. भाभीसांनी त्याला कळवले आहे की त्या खोल्यांचा नकाशा घेऊन ये, पण मे महिन्यात ये.